'ने' म्हणजे हो : कोरियन मालिका आणि आपल्या घरची जबान

इशाची नमाज झाली होती. दस्तरखान अंथरलेला होता. लेक आतल्या खोलीत मोबाइलवर मालिका बघत बसली होती. आम्ही हाक मारून विचारले, "तुझं ताट वाढू का?" आतून उत्तर आले, "ने!" मुलांच्या दादी म्हणाल्या, "नै बोली ना वो, रहने दो." आम्हीही तसेच समजलो आणि हंडीवर झाकण ठेवले. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर लेक बाहेर आली, तर तिचे ताटच नाही. ती रुसली. "मी हो म्हटलं होतं!" तेव्हा कुठे उलगडा झाला. कोरियन भाषेत 'ने' म्हणजे हो, आणि नाही म्हणायचे असेल तर 'आनियो'.

हसून झाले, पण आम्ही विचारात पडलो. पोरगी घरात बसून परक्या मुलखाची भाषा बोलू लागली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. तिच्या वहीच्या मागच्या पानावर चौकोनी, गोल अक्षरे दिसली होती, पण ती आम्हाला नक्षी वाटली होती. त्या रात्री ठरवले, मोबाइल हिसकावून घेण्याआधी एकदा शेजारी बसून ती काय बघते ते बघायचे. त्याला आता बरेच महिने झाले. आज आमच्या घरी आठवड्यातून एकदा सगळे मिळून कोरियन मालिकेचा एक भाग बघतात. दादीसुद्धा.

आपल्या अनेक घरांत आज हेच चालले आहे. काही पालक रागावतात, काही डोळेझाक करतात. आम्हाला तिसरी वाट सापडली. तिच्यावर चालताना जे बघितले आणि जे शिकलो, ते वाचक भगिनी-बांधवांपुढे ठेवत आहोत.

हे वेड आले कुठून?

कोरियन मालिका आपल्याकडे आल्या त्या मोबाइलबरोबर, असे मुलांना वाटते. तसे नाही. २००६ च्या सुमारास दूरदर्शनने हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका दाखवल्या होत्या. त्यातली एक होती 'दे जांग गम'. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात काम करणारी एक अनाथ मुलगी शिकत शिकत राजाची वैद्य होते, अशी तिची गोष्ट. कोरियात ही मालिका २००३-०४ मध्ये ५४ भागांत दाखवली गेली. त्याच्या आधी २००२ मध्ये 'विंटर सोनाटा' आली आणि तिने जपानमधल्या बायकांना वेड लावले. कोरियन मालिका, गाणी आणि सिनेमांच्या या लाटेला 'हाल्ल्यू' म्हणतात. आपल्याकडे तिला खरा जोर चढला तो २०२० च्या टाळेबंदीत. घरात बसलेल्या माणसांना मोबाइलवर हिंदीत डब केलेल्या मालिका मिळू लागल्या आणि मुलींच्या मैत्रिणी-मैत्रिणींत त्या पसरल्या.

या मालिकांचा पहिला गुण म्हणजे त्या संपतात. पुष्कळ मालिका सोळा भागांच्या असतात. आपल्याकडच्या मालिकेतली सून दहा-दहा वर्षे कारस्थानांत अडकून राहते, तसे इथे होत नाही. गोष्ट सुरू होते, पुढे जाते, संपते. दुसरा गुण, चांगल्या मालिकांत घर दिसते. जोडे दाराबाहेर काढणारी, जमिनीवर बसून जेवणारी, आजीच्या हातचे लोणचे मुरवत ठेवणारी घरे दिसतात.

आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलेली मालिका म्हणजे 'रिप्लाय १९८८'. सेऊलमधल्या सांगमुन-दोंग नावाच्या मोहल्ल्यातल्या एका गल्लीत पाच कुटुंबे राहतात. एकीने काही शिजवले की मुलाच्या हाती वाडगा देऊन शेजारी पाठवते. शेजारीण तो वाडगा रिकामा परत करत नाही, आपल्याकडचे काहीतरी भरून देते. मग त्या पदार्थाचा वाडगा तिसऱ्या घरी. शेवटी जेवायच्या वेळी प्रत्येक घरात तेच सगळे पदार्थ. हे दृश्य बघताना दादी सरसावून बसल्या. म्हणाल्या, "ये तो रमजान में अपनी गली है." खरेच. इफ्तारच्या आधी झाकलेल्या ताटल्या घेऊन धावणारी पोरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आपणही कधी त्यांतलेच होतो.

'जेवलात का?'

आता शब्दांकडे येऊ. मालिका बघता बघता कानावर पुन्हा पुन्हा पडणारे शब्द आधी शिकावेत. घोकंपट्टी लागत नाही.

भेटल्यावर म्हणतात, 'आन्न्यॉन्ग हासेयो'. यातल्या 'आन्न्यॉन्ग' या शब्दाचा अर्थ शांती, खुशाली. म्हणजे 'आपण सुखरूप आहात ना?' सलाम शब्दाचा अर्थही शांतीच. आपला सलाम ही दुआ आहे आणि त्यात रब्बची आठवण आहे, त्याची बरोबरी नाही. पण समोरच्याला भेटताच त्याची सलामती विचारावी, ही माणुसकी दोन्हीकडे सारखी. निरोप घेताना गंमत आहे. जाणाऱ्याला म्हणायचे 'आन्न्यॉन्गही गासेयो', म्हणजे सुखरूप जा. आणि जाणाऱ्याने मागे राहणाऱ्याला म्हणायचे 'आन्न्यॉन्गही गेसेयो', म्हणजे सुखरूप राहा. एका 'गा' आणि 'गे' मध्ये सगळा फरक. आमची मुले शाळेत निघताना हमखास उलटे म्हणतात.

आभार मानायचे असतील तर 'काम्साहाम्निदा'. माफी मागायची तर 'मियानहेयो', आणि मोठ्यांची किंवा अनोळखी माणसाची माफी मागायची तर 'च्वेसोंगहाम्निदा'. 'काही हरकत नाही, ठीक आहे' याला 'क्वेन्चानायो'. 'खरंच?' याला 'चिन्चा?' ते ऐकून दादींना दर वेळी झाडावरच्या चिंचा आठवतात. 'लवकर, लवकर' म्हणजे 'पल्ली पल्ली', हा शब्द घरात सकाळी शाळेच्या वेळी फार उपयोगी पडला. पाण्याला 'मुल' आणि 'द्या' याला 'जुसेयो'. 'मुल जुसेयो' म्हणजे पाणी द्या; पहिल्यांदा ऐकून घरात जो हशा पिकला तो सांगायला नको.

आणि एक शब्द तर शिकावाच लागत नाही. कंबर धरून उठणारी कोरियन आजी, परीक्षेत नापास झालेल्या पोराची आई, हातातून भांडे निसटलेली बाई, सगळ्या एकच म्हणतात, 'आइगो!' आपल्या 'आई गं!' चा त्याच्याशी भाषाशास्त्राच्या दृष्टीने काही संबंध नाही, पण दुखणे आणि सूर तोच.

कोरियन भाषेत शिजवलेल्या भाताला 'बाप' म्हणतात. 'बाप मॉगॉस्सॉयो?' म्हणजे अक्षरशः 'भात खाल्लात का?', अर्थात 'जेवलात का?' हा नुसता प्रश्न नाही, ते खुशाली विचारणे आहे. मालिकेत आई दूर शहरात राहणाऱ्या मुलाला फोन करते तेव्हा नोकरीचे विचारत नाही, आधी हेच विचारते. आपल्याकडची आई वेगळे काय विचारते?

जेवायला सुरुवात करताना ते म्हणतात 'चाल मॉक्केस्सुम्निदा', म्हणजे 'आता छान जेवतो'. जेवण झाल्यावर 'चाल मॉगॉस्सुम्निदा', 'छान जेवलो'. हे वाढणाऱ्याचे आभार मानणे असते. आमच्या धाकट्याने एके दिवशी बिस्मिल्लाह न म्हणता हेच म्हणून घास घेतला, तेव्हा त्याला थांबवले. म्हटले, "आधी देणाऱ्याचं नाव, मग रांधणाऱ्याची तारीफ. दोन्ही कर." आता तो दोन्ही करतो. रांधणाऱ्याची तारीफ आमच्या घरात तोपर्यंत कोणी करत नव्हते, हेही कबूल केले पाहिजे.

इंग्रजी सबटायटलमध्ये जे हरवते

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे या मालिकांत सर्वांत जास्त रमलो ते इथे.

इंग्रजीत समोरच्या माणसाला एकच शब्द. तो बादशाह असो की बालक. कोरियनमध्ये तसे चालत नाही. मोठ्यांशी, अनोळखी माणसाशी बोलण्याची रीत वेगळी, तिला 'चोंदेन्माल' म्हणतात. बरोबरीच्यांशी, लहानांशी बोलण्याची रीत वेगळी, ती 'बान्माल'. क्रियापदाची शेपटीच बदलते. ज्या वाक्याच्या शेवटी 'यो' किंवा 'निदा' ऐकू येते ते अदबीचे, आणि जे वाक्य त्याशिवाय संपते ते सलगीचे, असे ढोबळमानाने समजावे. मालिकेत दोन माणसे बरेच भाग 'यो' लावून बोलतात आणि एके दिवशी एक जण 'यो' गाळतो. तिथे गोष्ट वळण घेते. कधी ती दोस्ती असते, कधी उद्धटपणा, कधी राग. इंग्रजी सबटायटलमध्ये यातले काहीच उतरत नाही. पण 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतला फरक ज्याला पाळण्यात कळला आहे, 'तू', 'तुम' आणि 'आप' यांवरून ज्याने थापड खाल्ली आहे, त्या मुलाला ते लगेच ऐकू येते.

उर्दूवाल्याला तर आणखी मजा. आपण स्वतःच्या घराला गरीबखाना म्हणतो आणि दुसऱ्याच्या घराला दौलतखाना. कोरियनमध्ये घराला 'चिप' म्हणतात, पण आदरणीय माणसाच्या घराला 'तेक'. साध्या जेवणाला 'बाप', आजोबांच्या जेवणाला 'चिंजी'. स्वतःला बरोबरीच्यांत 'ना' म्हणायचे, पण मोठ्यांसमोर 'चॉ'. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या 'बंदा'सारखे स्वतःला थोडे लहान करून.

नात्यांचे शब्दही तसेच. इंग्रजी 'आंटी'ने आपल्या घरातल्या खाला, फुफी, चाची, मुमानी एका पोत्यात भरल्या. कोरियनमध्ये खालाला 'इमो' आणि फुफीला 'कोमो'. थोरल्या भावाला बहीण 'ओप्पा' म्हणते, तर भाऊ 'ह्यॉन्ग' म्हणतो. थोरल्या बहिणीला बहीण 'ऑन्नी' म्हणते, तर भाऊ 'नूना'. खानावळीत वाढणाऱ्या अनोळखी बाईलाही गिऱ्हाईक 'इमो' म्हणून हाक मारते. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो तसेच. एक सावधगिरी मुलींना सांगून ठेवावी. मालिकांत 'ओप्पा' हा शब्द सख्ख्या भावालाही वापरतात आणि प्रियकरालाही. त्यामुळे हा शब्द जपून.

आणखी एक शब्द 'उरी', म्हणजे 'आपला, आमचा'. कोरियन माणूस 'माझी आई' म्हणत नाही, 'उरी ऑम्मा' म्हणतो, आमची आई. 'उरी चिप', आमचे घर. एकुलत्या एका मुलाचीसुद्धा 'आमची आई'च. मराठीत आपण हेच करतो, उर्दूतही 'हमारे अब्बा' म्हणतो.

या अदबीच्या भाषेचा सर्वांत चटका लावणारा वापर आम्ही पाहिला तो 'स्क्विड गेम' या २०२१ च्या मालिकेत. ही मालिका रक्तपाताने भरलेली आहे, मुलांना दाखवू नये. आम्ही मोठ्यांनीच पाहिली. त्यात अली अब्दुल नावाचा पाकिस्तानी मजूर आहे. कारखान्याच्या मालकाने त्याचा पगार थकवलेला. ही भूमिका अनुपम त्रिपाठी या दिल्लीच्या नटाने केली, तो शिष्यवृत्तीवर कोरियात नाट्यशिक्षण घ्यायला गेला होता. अली एका शिकलेल्या कोरियन माणसाला 'साजांगनिम' म्हणतो, म्हणजे 'मालक, साहेब'. तो माणूस सांगतो, साहेब नको, 'ह्यॉन्ग' म्हण, भाऊ म्हण. अलीचा चेहरा उजळतो. पुढे तोच 'भाऊ' त्याला दगा देतो. सबटायटल वाचणाऱ्याला दगा कळतो. पण 'ह्यॉन्ग' या शब्दाचे वजन ज्याला कळले, त्याला अलीने काय गमावले ते कळते. आखाती देशांत 'साहेब, साहेब' करत घाम गाळून आलेले वडील-चुलते आपल्या कित्येक घरांत आहेत. त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

लिपी : एका आठवड्याचे काम

लेकीच्या वहीतली ती नक्षी म्हणजे 'हान्गुल', कोरियन लिपी. पूर्वी कोरियात चिनी अक्षरांत लिहीत. हजारो अक्षरे पाठ करायला लागत, त्यामुळे लिहिणे-वाचणे बड्या घरांपुरते. सेजोंग नावाच्या राजाने १४४३ मध्ये साध्या माणसांसाठी नवी लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. आज तिच्यात १४ मूळ व्यंजने आणि १० मूळ स्वर आहेत. दरबारातल्या विद्वानांनी विरोध केला. पुढे कित्येक वर्षे बडे लोक तिला बायकांची लिपी म्हणून हिणवत राहिले. पण बायकांनीच ती पत्रांतून, गोष्टींतून जिवंत ठेवली. आज दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबर हा हान्गुल दिवस म्हणून सुट्टीचा असतो. साक्षरतेसाठी काम करणाऱ्यांना युनेस्कोकडून मिळणारा एक पुरस्कारही सेजोंगच्या नावाने आहे.

वाचकांना आणखी एक गोष्ट ऐकून बरे वाटेल. याच सेजोंगच्या काळात दरबारच्या विद्वानांनी ग्रहगणिताचे जे ग्रंथ तयार केले, त्यांतला एक मुस्लिम खगोलशास्त्रज्ञांच्या गणितावर आधारलेला होता. ते ज्ञान चीनमार्गे तिथे पोहोचले होते. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, इब्न खुर्दाजबिहने आपल्या भूगोलाच्या ग्रंथात 'सिला' या मुलखाचे नाव घेतले आहे. ते म्हणजे तेव्हाचे कोरियातले सिल्ला राज्य.

लिपी शिकणे मराठी मुलांना सोपे जाते, कारण तिची रचना तोंडाच्या ठेवणीवर केलेली आहे. 'म'चे अक्षर म्हणजे छोटा चौकोन, तोंडाच्या आकाराचा. 'न'साठी जीभ वर टेकते, त्या वळणाचा कोन. 'क'ला एक रेघ जोडली की त्याचा 'ख' होतो. आपल्या बाराखडीत क, ख, ग, घ एका ओळीत का बसवले आहेत हे ज्याला शाळेत नीट समजावले आहे, त्याला हे लगेच उमगते. दोन-तीन अक्षरांचा एक गठ्ठा करून एक उच्चार लिहितात, आपल्या जोडाक्षरासारखा. रोज अर्धा तास दिला तर आठवड्यात पाट्या वाचता येतात. अर्थ कळत नाही, पण वाचता येते.

व्याकरणाचीही धास्ती नको. 'मी भात खातो' याच क्रमाने कोरियन वाक्य चालते, क्रियापद शेवटी. आपल्या 'ला', 'त', 'हून' यांसारखे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. 'हाक' म्हणजे शिकणे. त्यावरून 'हाक्क्यो' म्हणजे शाळा, 'हाकसेंग' म्हणजे विद्यार्थी. इल्मवरून आलिम, तालीम, मुअल्लिम होतात हे जाणणाऱ्याला शब्द असे कुटुंबासकट लक्षात ठेवायची सवय असतेच. उच्चारांत मात्र त्यांच्याकडे 'फ़' आणि 'ज़' नाहीत. कॉफीची 'खॉपी' होते आणि पिझ्झाचा 'फीजा'. आपल्या मुलांनी हसू नये. आपणही कित्येकदा ज़बानला जबानच म्हणतो.

याचा उपयोग काय, असे अब्बा लोक विचारतील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचे नाव आहे. पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, रायगडात माणगावजवळ विळे भागाडला पोस्कोचा पोलादाचा कारखाना आहे. अशा ठिकाणी भाषा जाणणारी माणसे लागतात. पण मालिका बघून दुभाषी होता येत नाही. त्यासाठी रीतसर शिकावे लागते, परीक्षा द्यावी लागते. मालिका फक्त दार उघडते.

जे घ्यायचे आणि जे सोडायचे

सगळेच गोड नाही. या मालिकांत दारू फार दिसते. हिरव्या बाटलीतली 'सोजू' प्रत्येक दुःखावरचा इलाज असल्यासारखी ओतली जाते. डुकराचे मांस सर्रास असते. प्रेमप्रकरणेही असतात, काही मालिकांत जरा जास्तच. म्हणून आमचा नियम असा की मोठ्यांनी पाहिल्याशिवाय मुलांनी बघायचे नाही, आणि रात्री दारे लावून एकट्याने तर नाहीच. सणाला मुले वडीलधाऱ्यांपुढे जमिनीला माथा टेकतात, पूर्वजांपुढे नैवेद्य ठेवतात. वडिलांचा आदर घ्यावा. सजदा फक्त अल्लाहला, हे त्याच वेळी समजावून सांगावे. मूल एकटे बघत असते तर हे सांगायची संधीच आली नसती.

मुलांना कोरियन नूडल्सची पाकिटे हवी असतात. पाकिटावर हलालची खूण बघूनच घ्यावीत, कारण मसाल्यात डुकराच्या मांसाचा अर्क असू शकतो. लेकीने यासाठी दोन शब्द शिकून ठेवले आहेत, 'त्वेजीगोगी' म्हणजे डुकराचे मांस आणि 'सुल' म्हणजे दारू. 'त्वेजीगोगी आन मॉगॉयो', मी डुकराचे मांस खात नाही, हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. कधी कोरियाला जायची वेळ आली तर हेच पहिले कामाला येईल.

कोरियातही आपले दीनी भाऊ आहेत. १९५० ते १९५३ च्या युद्धात तुर्की फौज तिथे गेली होती, तिच्यातल्या इमामांच्या हातून काही कोरियन लोकांनी इस्लाम स्वीकारला. सेऊलच्या इटेवॉन भागात १९७६ मध्ये मोठी मशीद उभी राहिली. जमीन कोरियन सरकारने दिली, पैसा सौदी अरेबिया आणि इतर मुस्लिम देशांनी. तिच्या आसपास आज हलाल खानावळींची रांग आहे. पण पडद्यावरचे कोरिया म्हणजे सगळे कोरिया नव्हे, हेही मुलांना कळले पाहिजे. देगू शहरात विद्यापीठाजवळ मुस्लिम विद्यार्थ्यांनी मशिदीचे बांधकाम सुरू केले तेव्हा शेजाऱ्यांनी विरोध केला आणि २०२१ मध्ये काम थांबवण्यात आले. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवण्याचा आदेश बेकायदा ठरवला, तरीही जागेसमोर डुकरांची मुंडकी ठेवण्यात आली. हे आम्ही लेकीला सांगितले तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "मालिकेत तर सगळे शेजारी वाडगे देतात." आम्ही म्हटले, "देणारेही आहेत, मुंडकी ठेवणारेही आहेत. आपल्याकडे काय वेगळं आहे?" एखाद्या समाजावर प्रेम करावे, पण डोळे उघडे ठेवून.

दादींची पत्रे

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती.

१९१० ते १९४५ कोरियावर जपानचे राज्य होते. १९३८ पासून शाळांतून कोरियन भाषा मागे ढकलली गेली, पुढे ती शिकवणेच बंद झाले. लोकांवर जपानी नावे लादली गेली. त्या काळात काही विद्वान आणि शिक्षक आपल्या भाषेचा शब्दकोश तयार करत होते. १९४२ मध्ये त्यांची धरपकड सुरू झाली. दोघे तुरुंगातच वारले. कोशाची हस्तलिखिते जप्त झाली. १९४५ मध्ये राज्य बदलल्यावर ती सेऊल स्टेशनच्या गोदामात सापडली, आणि १९४७ मध्ये कोशाचा पहिला खंड छापला गेला. आज आपली मुले जे 'आन्न्यॉन्ग' म्हणतात, त्याच्या मागे हे आहे.

हे लेकीला सांगत होतो तेव्हा दादी ऐकत होत्या. त्यांनी पेटीतून एक पिशवी काढली. त्यात आमच्या अब्बांची पत्रे होती, मुंबईला नोकरीत असताना पाठवलेली, निळ्या अंतर्देशीय कागदावर, उर्दूत. दादींच्या डोळ्यांना आता ते बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी एक पत्र नातीपुढे धरले. "ये पढ़ के सुना." लेकीने पत्र हातात घेतले, उलटे-सुलटे केले आणि परत दिले. तिला उर्दू बोलता येते. कुरआन शरीफ ती पढते. पण आजोबांचे हस्ताक्षर तिला वाचता येईना. समुद्रापलीकडची लिपी तिने आठवड्यात शिकली आणि दादाची लिपी घरात असून राहून गेली.

चूक तिची नाही. ती मराठी शाळेत शिकते, ते आम्हीच ठरवले. मराठी आपलीच आहे, हा लेखही मराठीतच लिहितो आहोत. पण दिवसभर शाळेत पोरांना उर्दू शिकवून घरी आल्यावर स्वतःच्या लेकीला अलिफ-बेच्या पुढे नेले नाही, ही आमची चूक. आपल्यावर कोणी बंदी घातली नव्हती. कोणाची मुंबईची घाई, कोणाचा इंग्रजीचा हट्ट, कोणाचा आळस. हातातली चीज आपणच खाली ठेवली. प्रत्येक घरची जबान उर्दूच असेल असे नाही. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत ती कोकणी बोली असेल, कुठे दखनी असेल. जी असेल ती. तिच्यातल्या म्हणी, नात्यांची नावे, दादी-नानीच्या गोष्टी पुढच्या पिढीत जात आहेत का, एवढे ज्याने त्याने आपल्या घरात बघावे.

आम्ही लेकीशी करार केला. आठवड्याला मालिकेचा एक भाग, आणि आठवड्याला दादाच्या एका पत्रातल्या काही ओळी. ती अक्षरे लावते, अडली की आम्ही सांगतो, शब्द अडला की दादी सांगतात. पहिल्या रविवारी अर्ध्या तासात दीड ओळ झाली. बाकीच्या वेळात पोरगी रडकुंडीला आली. दुसऱ्या रविवारी तीन ओळी. पिशवीत एकतीस पत्रे आहेत, त्यामुळे घाई नाही. वाचकांनीही असे काही करून बघावे. पत्रे नसतील तर निकाहनाम्यावरची नावे असतील, जुन्या वहीतला हिशोब असेल, दादीच्या तोंडची एखादी म्हण असेल.

ती पहिली दीड ओळ जुन्या रिवाजाचीच होती. सगळ्यांना सलाम, इथे खैरियत आहे, तुमची खैरियत कळवा. लेकीने बोट ठेवून ती पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाली, "दादी, हे तर आन्न्यॉन्गच झालं."

दादी म्हणाल्या, "उनो हमारे से सीखे होंगे. आगे पढ़."